आमदारांच्या घरचा मोठा गंज

मला दिल्लीला जायचं होतं. आमच्या ह्यांना खासदार व्हायचं होतं की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला तरी त्यांनी कधी धड सांगितलं नाही. पण मला दिल्लीला जायचं होतं, आणि तिथे पोचायचा एकच रस्ता माझ्यापुढे होता, तो म्हणजे ह्यांना निवडून आणणं. म्हणून ती लोकसभेची निवडणूक ह्यांच्यापेक्षा मीच जास्त लढवली, असं मी आजही चारचौघांत सांगते. हे शेजारी बसलेले असले की हसतात. हसू देत बापडे.

दिल्लीच काहून, असं कोणी विचारलं तर आधी आमचं घर सांगावं लागतं.

मी नागपूरच्या महाल भागातली मुलगी. लग्न ठरलं ते नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागायतदाराशी. मुलगा बी.ए. झालेला, बोलका, आणि गावाच्या भानगडींत नाक खुपसणारा. पाठवणीच्या वेळी पोटभर रडायचं मी ठरवून ठेवलं होतं, कारण आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुली रडल्या होत्या आणि त्यांचं नाव झालं होतं. पण आमच्या बाबांना काळजी एस.टी.ची. घड्याळात बघत "चला, चला, गाडी सुटेल," करत त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन बसवलं, करंड्या टपावर चढवल्या आणि कंडक्टरला स्वतःच म्हणाले, "मारा घंटी." आईचा पदर डोळ्यापर्यंत जायच्या आत गाडी हलली. माझं रडायचं राहूनच गेलं.

हे आधी सरपंच झाले, मग जिल्हा परिषदेत गेले, मग आमदार. ह्यांच्या राजकारणाचं गुपित काय, असं मला पत्रकारांनी विचारलं आहे. गुपित कसलं डोंबलाचं! ह्यांना नाही म्हणता येत नसे, एवढंच. कोणीही यावं, ह्यांनी हो म्हणावं. एकदा एकाच मुहूर्तावर ह्यांनी शेजारशेजारच्या दोन गावांतली लग्नं कबूल केली होती. एका मांडवात शिरले, तिथे नवरा-नवरीवर सुरेख भाषण केलं, पंगतीला बसले, आणि वडाभातावर फोडणीचं तेल ओतून घेताहेत तोवर दुसऱ्या मांडवाचे यजमान हुडकत हुडकत आले. ह्यांनी दोन्ही मांडवांत जेवण केलं. पुढच्या निवडणुकीला दोन्ही गावं ह्यांच्यामागे उभी होती.

पहिल्यांदा निवडून आले तेव्हा विजयाच्या सभेत ह्यांना भरून आलं. प्रताप नगरात आमचं घर नुकतंच बांधून झालं होतं. हे हात जोडून म्हणाले, "नागपुरातलं घर माझं नाही, तुमचं आहे." आता असं वाक्य प्रत्येकच आमदार म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात आणि आपापल्या घरी जातात. आमच्या तालुक्यानं टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या भरल्या.

प्रताप नगर तेव्हा नावालाच नगर होतं. थोडी घरं, बाकी मोकळे प्लॉट आणि त्यांत चरणाऱ्या शेळ्या. पत्ता सापडायला कठीण. पण आमच्या पाहुण्यांना पत्ता विचारावाच लागत नसे. एस.टी. स्टँडवर डोक्याला फडकं आणि हातात संत्र्याची पिशवी दिसली की सायकलरिक्षावाला आपणहून म्हणे, "आमदारसाहब के यहाँ ना? बैठो." कोणी कोर्टाच्या तारखेला येई, कोणी कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला, कोणी हिंगण्याच्या कारखान्यात पोराला चिकटवायला. मुली दाखवायचे कार्यक्रम आमच्या बैठकीत होत; पोहे माझे, मुलगी त्यांची. हिवाळ्यात विधानसभेचं अधिवेशन नागपूरला भरलं की अख्खी गावं "भाऊचं बोलनं पाहाले" येत. भाऊ सभागृहात पंपाच्या विजेवर बोलत, आणि इकडे त्यांचे मतदार माझ्या ओसरीवर घोरत.

पण सगळ्यांत जास्त येत ते मेडिकलवाले. सरकारी दवाखान्याला आमच्याकडे नुसतं मेडिकल म्हणतात. तालुक्यात कोणाचं पोट दुखलं, कोणाचा पाय मोडला, कोणाची सून अडली, की पेशंट मेडिकलात आणि पेशंटचं घरदार आमच्याकडे. मी वॉर्डाप्रमाणे डबे भरायला शिकले. बिनतिखटाचं, बिनमिठाचं, बाळंतिणीचं. कोणत्या वॉर्डाची नर्स डबा आत सोडते आणि कोणत्या वॉर्डाची पहारा देते, हे मला तोंडपाठ होतं. काही बाळं तर रिक्षा यायच्या आत आमच्याच मधल्या खोलीतल्या खाटेवर जन्मली. त्या खाटेवर मग आमच्या मुली झोपायला तयार नसत.

ह्या सगळ्या रामरगाड्याचा राजा म्हणजे माझा गंज. मोठा, पितळी, जाड बुडाचा, लग्नात मामांनी दिलेला. त्यात भात शिजायला घातला की खाली दुसरं काही शिजवायला चूल उरत नसे. कल्हईवाला आमच्या लेआउटमध्ये शिरला की सरळ आमच्याच फाटकाशी येऊन बसे. मी त्या गंजाला सकाळ-संध्याकाळ शिव्या देत असे. माणसांना देता येत नव्हत्या ना.

एकदा मी माहेरच्या एका मुंजीहून घरी आले. अंगावर चांगली साडी, हातात पिशवी. ओसरीवर एक अनोळखी बाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोनाकडे आल्या वं बाई तुमी?"

मी म्हटलं, "इथेच."

"बसा मंग. चपला तिकडे ठेवजा, इथी सारवलं आहे. अन् संडासाले जायचं असन तं आत्ताच जा, थ्या मामायनंतर तुमचाच नंबर."

मी चपला तिकडे ठेवल्या. काय करणार? त्या मामांनंतर नंबरही लावला. आणि त्या रांगेत उभी असतानाच मी ठरवलं की मला दिल्लीला जायचं आहे. खासदाराला बंगला मिळतो, पुढे हिरवळ असते, फाटकावर माणूस असतो, हे मी ऐकून होते. पण खरं आकर्षण वेगळंच होतं. नरखेडहून दिल्लीला एस.टी. जात नाही.

आणि देव पावला! लोकसभेची निवडणूक अचानक मुदतीआधी लागली. विधानसभेला अजून अवकाश होता. पक्षाला आमच्या भागात उमेदवार सापडेना, कारण समोर शहरातले एक मुरलेले वकील उभे होते. ट्रंक कॉल आला, आणि ह्यांनी सवयीनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर घाम पुसत म्हणाले, "आता का करावं?"

"लढावं," मी म्हटलं, आणि पेढे आणायला माणूस पाठवला.

"अवं, पडलो तं?"

"पडलात तर आमदारकी आहेच. ती कुठे जाते?"

हे वाक्य मी तेव्हा किती जणांसमोर बोलले असेन, देव जाणे. ओसरी भरलेलीच होती.

ते दिवस आठवले की मला आजही गुदगुल्या होतात. दारात जीप, जीपवर भोंगा, ओसरीवर खळ उकळतेय, पोस्टरांवर ह्यांचा असा फोटो की मिशी ह्यांची आणि डोळे भलत्याच कोणाचे. माझी तयारी वेगळीच चालली होती. बर्डीच्या बाजारातून मी मरून रंगाचं लोकरी कापड आणलं आणि शिंप्याकडे गुडघ्यापर्यंतचा कोट टाकला. शिंप्यानं विचारलं, "बाई, नागपुरात हा कुठं घालणार?" मी म्हटलं, "नागपुरात राहतंय कोण?" कोट आला त्या दिवशी भर दुपारी तो घालून मी आरशापुढे उभी राहिले. घामाच्या धारा लागल्या, पण काढवेना. दूधवाल्याशी मी शुद्ध हिंदीत बोलायला लागले. तो बिचारा घाबरून दूध घट्ट द्यायला लागला.

मग प्रचाराची वाटणी झाली. मतदारसंघ अवाढव्य. हे म्हणाले, "बाकीचे तालुके मी पाहतो. आपला तालुका तं आपलाच आहे, तिथी तू बायायमंदी फिर." मी एका पायावर तयार. रथसप्तमी होऊन गेली होती, पण आमचं हळदीकुंकू काही संपेना. रोज नवं गाव. पिवळ्या संत्र्यांनी वाकलेल्या बागांमधून जीप उडत-आपटत जायची, मी एका हातानं पदर आणि एका हातानं करंडा धरून बसलेली, आणि वरून भोंगा ह्यांचं कौतुक करतोय. मला तर आपणच उमेदवार आहोत असं वाटायला लागलं होतं.

पहिल्या गावातली गोष्ट सांगते. गल्लीतून चाललेय, तर एका घरातून माझ्या नावानं कोणीतरी खेकसलं, "शेंबूड पूस आधी!" मी दचकून थांबले. आतून एक मुलगी बाहेर आली, फ्रॉकनं नाक पुसत. तिची आई हसायला लागली. "तुमच्याच घरी झाली होती, वहिनीबाई. तुमचंच नाव ठेवलं." पुढच्या गावात तेच, त्याच्या पुढच्या गावातही. कुठे माझं नाव विहिरीत वाकू नको म्हणून दटावलं जात होतं, कुठे माझ्या नावाला शाळेत न गेल्याबद्दल धपाटा पडत होता. मला हसू आवरेना आणि थोडा रागही आला. जन्मभर एवढी बोलणी मी सासूची खाल्ली नव्हती.

हळदीकुंकू झालं की मी छोटंसं भाषण करायची. "भाऊंना दिल्लीला पाठवा. तिथे ते आपल्या संत्र्यांसाठी रेल्वेचे डबे मागतील." बाया ऐकायच्या, मान डोलवायच्या. त्या पहिल्या गावात एका म्हातारीनं विचारलं, "तुमी बी जासान काय, वहिनीबाई?"

"म्हणजे काय! मी जाणारच," मी म्हटलं.

"अन् नागपूरचं घर?"

"बंद करू. नाहीतर भाड्यानं देऊ."

तोंडातला तिळगूळ चावायच्या बाया थांबल्या. एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकदोघींनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, काय माया आहे ह्या लोकांची! भाषणातली रेल्वे कोणाला लागली नव्हती, पण हे बरोबर काळजाला जाऊन भिडलं होतं. आणि मी काही अगदीच अडाणी नव्हते. सभेत कोणतं वाक्य चालतं ते वक्त्याला कळतं, तसं मलाही कळलं.

मग पुढच्या गावात मी रेल्वेचे डबे आवरते घेतले आणि ही गोष्ट जरा वाढवून सांगितली. त्याच्या पुढच्या गावात आणखी. शेवटी शेवटी तर मी घराला कुलूप कसं लावणार, मधल्या खोलीतली ती खाट कोणाला देऊन टाकणार, फाटकावर "घर भाड्याने देणे आहे" अशी पाटी कशी लागेल, ते हातवारे करून सांगत होते. बाया रडत होत्या, मी रडत होते, जीपचा ड्रायव्हर बाहेर नाक शिंकरत होता. माझी ओटी भरून भरून पदर फाटायची वेळ आली. गंमत म्हणजे, निघताना प्रत्येक गावात कोणी ना कोणी हळूच विचारायचंच. "चैत्रात पोरीले मेडिकलमंदी दाखवाचं आहे, वहिनीबाई. तुमच्याकडेच उतरतो." मी मनात म्हणायची, किती साध्या बाया! मी आत्ताच काय सांगितलं, ते ह्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. वरून मात्र "हो, हो, या ना," म्हणून मोकळी व्हायची. निवडणुकीत कोणाला नाही म्हणायचं नसतं, एवढं तर ह्यांच्याकडून शिकले होतेच.

शेवटचं हळदीकुंकू आत्याबाईंच्या दारी होतं. आत्याबाई ह्यांच्या नात्यातल्या, मोसंबीच्या मोठ्या बागेच्या मालकीण. त्यांचे यजमान होते, पण घरातलं बोलायचं खातं बाईंकडे होतं. पंचक्रोशीतल्या बाया त्यांना विचारल्याशिवाय पापडाचं पीठसुद्धा भिजवत नसत. त्यांच्या मुलाचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या आमच्याकडे इतके दिवस होत्या, की माझ्या स्वयंपाकघरात मला मीठ कुठे आहे ते त्यांना विचारावं लागे. त्या दिवशी मी भाषणाचा कळस केला. जीपमधून तो मोठा गंज उतरवला, सगळ्यांसमोर त्याला हळदीकुंकू लावलं आणि आत्याबाईंच्या पुढे ठेवला. "हा गावाला. लग्नाकार्याला वापरा. मला आता दिल्लीत एवढ्या भांड्याचं काय काम?"

विरोधकांनी पाहिलं असतं तर रीतसर तक्रार झाली असती. पण तिथे पाहत होत्या फक्त बाया, आणि त्या गंजाकडे पाहत होत्या. आत्याबाईंनी त्याच्या काठावरून हात फिरवला.

"खरंच चालली तं तू, सूनबाई?"

"खरंच, आत्याबाई."

"बरं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. त्या बाईला मी एका शब्दात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

मतदानाच्या दिवशी मी आमच्या तालुक्यात होते. अशी बायांची रांग मी कधी पाहिली नव्हती! लुगडी ठेवणीतली, केसांत आबोली, काखेत पोरं, त्यातली काही माझ्याच नावाची. एरवी नवऱ्यानं ढकलल्याशिवाय न निघणाऱ्या बाया त्या दिवशी चुली थंड ठेवून उन्हात उभ्या होत्या. आत्याबाई मतदान करून बाहेर आल्या, शाईचं बोट मला दाखवलं आणि म्हणाल्या, "काळजी करू नको वं. भलंच होईन." मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले.

निकालाच्या दिवशी घरी मांडव, हार, आणि तर्री-पोह्यांची कढई तयार. ह्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं की बाकीच्या तालुक्यांत वकीलसाहेब पुढे राहतील आणि घरचा तालुका तुम्हाला तारेल. झालं भलतंच. बाकीच्या तालुक्यांनी ह्यांना उचलून धरलं. हे जिथे जिथे एकटे फिरले तिथे तिथे पुढे होते. आणि आमचा तालुका, जिथे मी गावोगाव फिरले होते, तिथे हे दणकून आपटले. एवढे आपटले की बाकीच्या सगळ्यांची पुण्याई त्यात बुडाली.

हे घरी आले, हार खुंटीला टांगला, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "नवलच आहे बुवा." मग पडल्या पडल्या झोपले. ह्यांना झोप कशी लागली ते मला अजून कळलेलं नाही. मी मात्र दार लावून घेतलं आणि कोट मांडीवर घेऊन रडले. लग्नातलं राहिलेलं रडणं धरून सगळं रडले. हिरवळ गेली, फाटकावरचा माणूस गेला. त्या दूधवाल्याशी पुन्हा मराठीत बोलायचं!

दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं यायला लागली. लांब चेहरे करून यायची, "भाऊ, असं कसं झालं गा," म्हणून ह्यांच्या गळ्यात पडायची. खोटं नव्हतं ते, डोळ्यांत पाणी असायचं. पण मला एक गोष्ट खटकली. प्रत्येकाच्या बरोबर वळकटी होती. सांत्वनाला कोणी वळकटी घेऊन येतं का?

आणि दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. आधी उतरली ती आत्याबाईंची सून, दोन्ही हातांनी पोट सावरत. मग मोसंबीचं पोतं. मग रिक्षावाला आणि आत्याबाई, दोघांनी मिळून खाली उतरवला माझा गंज. चिंच लावून असा लखलखीत घासलेला, की उन्हात बघवेना.

"घे वं तुहा गंज," आत्याबाई ओसरीवर टेकत म्हणाल्या. "आमच्या गावात कोनाची चूल पुरत नाई याले."

मी गंजाकडे पाहिलं, सुनेच्या पोटाकडे पाहिलं, ओसरीवरच्या वळकट्यांकडे पाहिलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिळगूळ चावायचा थांबलेल्या सगळ्या बाया एकदम डोळ्यांपुढे आल्या.

"आत्याबाई, तुम्ही मत कोणाला दिलं?"

"वकिलाले," त्या म्हणाल्या. लाजल्यासुद्धा नाहीत. "आमी सगळ्या बायायनं वकिलालेच देल्लं. माणसायचं आमाले माहीत नाई. तूच तं सांगत होती ओसरीवर, पडला तरी आमदारकी कोठी जात नाई म्हून. मंग त्याचं का नुकसान झालं?"

"त्यांचं नाही, माझं झालं!" माझा तोल गेला, आणि रागात माझ्या तोंडचं महालातलं बोलणंही गेलं. "मले जायचं होतं ना दिल्लीले! कोट शिवला म्या! मले काहून नाई विचारलं तुमी?"

"विचारलं असतं तं तू हाव म्हटलं असतं काय?"

"नाई!"

"मंग कायले विचाराचं?"

ओसरीवरची सगळी माणसं माना खाली घालून चटईच्या काड्या मोजत बसली होती. आतून हे उठून आले होते आणि दाराच्या चौकटीला टेकून बनियनमध्ये हसू दाबत होते. मला सगळ्यांचा असा संताप आला, की मी त्या गंजाला लाथ मारली. पाय दुखला. गंज हललासुद्धा नाही.

"अन् ते निवडून आलेच असते तं?" मी अंगठा चोळत म्हटलं. "तुमच्या नाकावर टिच्चून मी गेली असती."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी बावळटासारखं बोलले.

"कशी गेली असती? तुले जाऊ कोन देऊन राहिलं होतं वं?"

आता ह्यात रडण्यासारखं काय होतं? पण मला ते वाक्य एकदम लागलं. माझ्या आईबापांनी माझ्यावर माया केली नाही असं नाही, पण मी निघाले तेव्हा त्यांनी घंटी मारायला सांगितली. गाडी सुटेल म्हणाले. मुलगी जायचीच असते, तिला कोण अडवतं? आणि इथे ज्यांची मी नावंसुद्धा नीट लक्षात ठेवली नव्हती, ज्यांच्या वळकट्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्या बाया उन्हात रांग लावून, चुली थंड ठेवून, मला जाऊ द्यायचं नाही म्हणून शाईचं बोट करून आल्या होत्या. आपल्या लाडक्या भाऊला त्यांनी पाडला होता. मी ओसरीच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. आत्याबाईंनी पोत्यातून एक मोसंबी काढली, सोलली आणि एकेक फोड माझ्या तोंडात घालत राहिल्या.

कोट मी पुन्हा एकदाही घातला नाही. हिवाळ्यात मेडिकलच्या वऱ्हांड्यात ज्याच्यावर थांबायची पाळी असे, तो तो घेऊन जाई आणि सकाळी खुंटीला आणून लावी. मरून कोट घातलेले, डोक्याला फडकं बांधलेले शेतकरी दवाखान्याच्या नर्सनी फार पाहिले.

पण त्या दुपारी मी आधी डोळे पुसले, गंज आत नेला आणि पाणी तापवायला ठेवलं. मधल्या खोलीतली खाट झटकून त्यावर धुतलेली चादर घातली आणि सुनेला हाताला धरून बसवलं. पोरगी भेदरून गेली होती. मतदान, भांडण, लाथ, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालेलं.

"भिऊ नको," मी म्हटलं. "पण एक ऐकून ठेव. मुलगी झाली तर माझं नाव ठेवायचं नाही. बस झालं आता."

तिनं जोरजोरात मान हलवली. मुलगी झाली. बारशाला मी गेले होते, आणि पाळण्याशी वाकून आत्याबाईंनी तिच्या कानात काय म्हटलं ते मला बाहेरपर्यंत ऐकू आलं.